टर्की हलाल होती, मग भांडण कशावरून?

नोव्हेंबर लागला की माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. न्यू जर्सीत एडिसनच्या परिसरात मी कौटुंबिक समुपदेशन करते. मनातलं मराठीतूनच बोलायचं म्हणून लोक लांबून येतात. त्यांत दापोली, म्हसळा, श्रीवर्धनकडची कोकणी मुस्लीम घरंही बरीच. त्यांचा प्रश्न असा: "शेजाऱ्यांनी थँक्सगिव्हिंगला बोलावलंय. जावं का?" त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजूनेही कोणीतरी येतं, कधी पुण्याकडची हिंदू आई, कधी इथलीच ख्रिश्चन बाई: "लेकाच्या मुस्लीम मित्राला जेवायला बोलवायचंय. त्याला अवघड तर होणार नाही ना?" एकमेकांना दुखवू नये म्हणून दोघंही धास्तावलेले, आणि दोघंही ते एकमेकांना सोडून मला विचारतात. माझं घर त्यावर चालतं म्हणा!

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. देवाचे आभार मानण्याचे दिवस पाळायची न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, जुनी रीत होती. १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेलं असताना, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार देशभर आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला. पुढे १९४१च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला. घरोघरी टर्की हा कोंबडीहून मोठा पक्षी भाजतात, लांबलांबचे नातेवाईक जमतात आणि पुष्कळ घरांत टेबलाभोवती एकेकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं असतं.

मुसलमानांनी यात सामील व्हावं का, यावर उलेमांची दोन मतं आहेत. ही सामाजिक प्रथा आहे, तिच्यात उपासना नाही, तेव्हा हलाल-हराम सांभाळून जायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात. दुसऱ्यांचे सण आपण उचलू नयेत, असं काही जण म्हणतात. मी यात पडत नाही, इमामसाहेबांना विचारा म्हणते. बहुतेक जण विचारूनच आलेले असतात. उत्तर मिळूनही ज्याची झोप लागत नाही, त्याचा प्रश्न माझ्या खात्यातला.

इक्बाल आणि नसीम यांचंच बघा. (नावं आणि ओळख पटेल असा तपशील बदलला आहे.) इक्बालभाई औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट, नसीमताई शाळेत मदतनीस, मुलगी सना अकरावीत. शेजारी कॅरल नावाच्या बाई. त्यांच्याकडे दर थँक्सगिव्हिंगला जाणं हा या घराचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. एका वर्षी मात्र इक्बालभाईंनी नाही म्हटलं आणि घरात जुंपली.

पहिल्या भेटीत विषय मार्शमेलोचा, म्हणजे जिलेटिन घातलेल्या मऊ गोड मिठाईचा होता.

"रताळ्याच्या त्या पदार्थावर मार्शमेलो घालतात मॅडम. त्यात डुकराचं जिलेटिन असतं."

"ते मी कॅरलला केव्हाच सांगितलंय," नसीमताई म्हणाल्या. "ती हलालवाले आणते. टर्कीसुद्धा स्वतः हलाल दुकानातून आणते."

"ग्रेव्हीत वाइन असते."

"नसते. तिने घालायची बंद केली."

"मग प्रश्न तत्त्वाचा आहे."

"हे तत्त्व गेल्या वर्षी कुठं गेलं होतं?"

सना खाली मान घालून फोनमध्ये होती. एक हरकत मिटली की दुसरी उभी राहत होती. असं दिसलं की मी हरकतींना उत्तरं देण्याच्या फंदात पडत नाही. ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, ते भांडणाचं मूळ क्वचितच असतं, आणि घरातल्या दोघांचं ताणलेलं असलं की त्याचा भार तिसऱ्यावर पडतो. म्हणून माझं लक्ष नेहमी गप्प बसलेल्या माणसाकडे जातं. एकेकट्या माणसाला समोर बसवून त्याच्या मनाचे कप्पे उघडणारे माझे सहकारी आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मी अख्खं घर एकत्र बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि हा हट्ट मला आजवर फळलाय.

पुढच्या एका भेटीत मी सनाला विचारलं, "गेल्या वर्षी कॅरलकडून घरी आलात, तेव्हा आधी कोण काय बोललं?"

तिने आठवून सांगितलं, "कोणीच काही नाही. अब्बांनी भांडं घासलं."

"कुठलं भांडं?"

"अम्मी सांदणं घेऊन गेली होती, ते."

"अब्बा एरवी घासतात?"

"नाही. त्या दिवशी खूप वेळ घासत होते."

मला वाटतं, त्या घराचं कुलूप तिथे उघडलं. इक्बालभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बोलले.

आदल्या वर्षी टेबलाभोवती पाळी त्यांच्यावर आली होती. गावाकडे अम्मीचं ऑपरेशन नीट पार पडलं, त्याबद्दल ते बोलायला लागले होते. तेवढ्यात कॅरलच्या दिराने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, तुम्ही तर या देशाचे आभार मानायला हवेत, नाहीतर आज कुठं असता!

"मी हसलो मॅडम. हो हो, नक्कीच, म्हणालो. बावीस-तेवीस वर्षं इथं टॅक्स भरतोय, रात्री-अपरात्री यांच्या आयाबापांना औषधं देतोय. आणि मी हसलो. त्याचं बोलणं मी विसरलोही असतो. माझं हसणं विसरता येत नाही."

सनाने फोन उलटा ठेवला. "मी ऐकलं होतं, अब्बा. पण तुम्ही हसलात. मला वाटलं, तुम्हाला चाललं. मग मलाच का लागलं, म्हणून मी स्वतःवर चिडले."

त्या दोघांमध्ये एक अख्खं वर्ष मार्शमेलो, ग्रेव्ही आणि तत्त्व येऊन बसलं होतं. आई विचारायची तेव्हा मुलगी "जाऊ या" म्हणायची, बापाजवळ "नको" म्हणायची, आणि दोघांनाही वाटायचं की पोरगी आपल्या बाजूची आहे.

अशा वेळी सांत्वनाचं एक वाक्यही मी बोलत नाही. सांत्वन केलं की माणूस आवरतं घेतो. थोडा वेळ जाऊ दिला आणि मग विचारलं, "इक्बालभाई, या देशात कोणाचे आभार मनापासून मानावेसे वाटलेत?"

त्यांना विचार करावा लागला नाही. २००१ साली थँक्सगिव्हिंग २२ नोव्हेंबरला होतं आणि नुकताच रमजान सुरू झाला होता. अकरा सप्टेंबरला अडीच महिनेही झाले नव्हते. इक्बालभाई तेव्हा एका म्हाताऱ्या ज्यू गृहस्थांच्या दुकानात कामाला होते. मालकांनी जेवायला बोलावलं. त्यांच्याकडे दुपारी तीनला पानं मांडायची पद्धत. रोजा आहे कळल्यावर घरातल्या कोणीच ताटाला हात लावला नाही. साडेचारच्या सुमारास दिवस मावळला तेव्हा सगळे एकदम जेवायला बसले. इक्बालभाईंच्या ताटाशेजारी मालकांच्या आईने बशीत तीन खजूर ठेवले होते.

"मला कोणी म्हणालं नाही की आभार मान. मी रूमवर आलो, अम्मीला फोन लावला आणि रडलो. नमाजानंतर त्या म्हातारीसाठी दुआ मागितली. नाव घेऊन."

मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचं त्यांनाच दिसलं. कुराणात शुक्र करणाऱ्याला, म्हणजे आभार मानणाऱ्याला, अधिक देण्याचं वचन आहे, आणि जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन आहे, हे दोन्ही त्यांनीच मला सांगितलं. दिवसातून पाच वेळा अल्हम्दुलिल्लाह म्हणणाऱ्या माणसाला कृतज्ञता शिकवायला जाणारे आपण कोण? त्यांना टोचली होती ती वसुली. दुसऱ्याच्या तोंडून मागून घेतलेले आभार म्हणजे वसुलीच. त्यात घेणारा सावकार होतो आणि देणारा कायमचा कर्जदार. या विषयावर घरोघरचं ऐकून माझं पक्कं मत झालंय की 'जावं का' या प्रश्नाखाली बहुतेक वेळा हेच दबलेलं असतं. तिथे आपण पाहुणे असू की उपकृत?

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. 'तुम्हाला इथं काय कमी आहे, आभार माना' हे फक्त कॅरलच्या दिराच्या तोंडी असतं असं कोणी समजू नये. आपली मराठी हिंदू मंडळी मुसलमानांना हेच ऐकवतात. पुण्या-मुंबईतही ऐकलंय, इथल्या गणपतीच्या मांडवातही. आणि तीच मंडळी ऑफिसातल्या गोऱ्याने असं म्हटलं की माझ्याकडे येऊन तासभर धुमसतात.

सनाने पुढच्या वेळी शाळेतलं काहीतरी वाचून आणलं. ज्या जेवणाला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात ते १६२१ सालचं, प्लिमथ या इंग्रजांच्या नव्या वसाहतीतलं. तिथल्या एडवर्ड विन्स्लोने पत्रात लिहून ठेवलंय की वाम्पानोआग या मूळ रहिवासी लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसांसह आला, तीन दिवस राहिला, आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. "म्हणजे जमीन त्यांची, वर मटणही त्यांनीच आणलं," सना म्हणाली. "आता सांगा, पाहुणे कोण आणि घरवाले कोण?" इक्बालभाई माझ्यासमोर पहिल्यांदाच खळखळून हसले. १९७० पासून त्याच प्लिमथला मूळ रहिवासी याच गुरुवारी शोकदिन पाळतात, हेही तिने सांगितलं. मी तिला एवढंच म्हटलं की हे जरूर बोल, फक्त कॅरलच्या स्वयंपाकघरात बोल, जेवताना टाळीसाठी नको.

मग मी सहसा करत नाही ते केलं, शेजारणीलाच बोलावून घेतलं. कॅरल आल्या त्या घाबरूनच. त्यांना दिराचं बोलणं माहीतच नव्हतं, तेव्हा त्या ओव्हनपाशी होत्या. त्यांची चिंता भलतीच निघाली. "जेवणाआधी आम्ही येशूच्या नावाने प्रार्थना करतो, तेव्हा तुम्ही ताटाकडे बघत बसता. दर वर्षी मला वाटतं, तुम्ही केवळ सभ्यपणा म्हणून येता. ते नाव गाळावं का, असं मी आमच्या पाद्रींना विचारलंसुद्धा."

"गाळू नका," नसीमताई पटकन म्हणाल्या. "तुमच्या घरात तुमची प्रार्थना. आम्ही गप्प बसतो तेव्हा मनात बिस्मिल्लाह म्हणत असतो."

इक्बालभाई म्हणाले, "माझ्या वाटणीचे आभार फक्त मला मानू द्या. कोणाचे आणि कधी, ते मी ठरवीन."

एवढंच बोलायचं होतं, आणि त्यासाठी एक वर्ष लागलं.

आता ज्यांच्या घरी हाच पेच आहे त्यांच्यासाठी. जायचं ठरलं तर खाण्याचं बोलणं आठवडाभर आधी फोनवर उरकून घ्या. मोघम 'हलाल लागतं' म्हणून भागत नाही, यजमानाला बिचाऱ्याला तेवढ्यावरून काही कळत नाही. टर्कीच्या पोटात भरायच्या सारणात पोर्क सॉसेज आहे का, ग्रेव्हीत वाइन आहे का, मार्शमेलो कुठले, पेकान नावाच्या सुक्यामेव्याच्या पायमध्ये बर्बन व्हिस्की ओतलीय का, असं एकेक विचारा. कॅरलसारखी माणसं अशा प्रश्नांनी दुखावत नाहीत, उलट सुटतात. रिकाम्या हाताने जाऊ नका, आपल्या घरचा एक पदार्थ न्याच. देणाऱ्याच्या रांगेतही आपण उभे असलो की घेणं जड जात नाही. आणि कोणी खांद्यावर थोपटून आभार मागितलेच, तर हसून वेळ मारून नेऊ नका. तुमची मुलं बघत असतात. एक वाक्य तयार ठेवा, आवाज न चढवता म्हणायचं. इक्बालभाईंनी घोकलेलं वाक्य होतं: "मी कशाबद्दल कृतज्ञ आहे ते सांगतच होतो, पूर्ण करू का?"

त्या वर्षी ते वाक्य वापरावं लागलं. दीर "सॉरी" म्हणाला नाही, गप्प बसला. अम्मीच्या ऑपरेशनची गोष्ट इक्बालभाईंनी शेवटपर्यंत सांगितली आणि वर तिच्या गुडघ्याचं चालू वर्षाचं पुराणही लावलं, असं नसीमताई म्हणाल्या.

बोलावणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. पाहुण्याला वेगळं काढून 'तुम्हाला कसं वाटतं इथं' असं भर टेबलावर विचारू नका. त्याच्याकडून काहीतरी घ्या: पदार्थ, मदत, सल्ला. आणि तो ईदला बोलावेल तेव्हा कामाची सबब सांगू नका. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, म्हणून तारीख आधीच विचारून ठेवा.

आणि जायचंच नसेल तर? माझ्याकडे अशीही घरं येतात, त्यांचा निर्णय विचारपूर्वक असतो आणि तो बदलायला मी बसलेली नाही. फक्त 'तब्येत बरी नाही' असं खोटं सांगू नका, मुलांना ते खोटं पाठ होतं. आम्ही हा दिवस पाळत नाही, पण तुम्ही आठवण ठेवलीत याचा आनंद झाला, असं स्पष्ट सांगा आणि त्याच फोनवर शनिवारच्या चहाचं आमंत्रण द्या. चहाला काय करायचं, ते मात्र नसीमताईंना विचारा, माझा स्वयंपाक यथातथाच आहे.