पेनड्राइव्हवरची गाणी : गाडीत फोल्डर बरे की टॅग?

प्रश्न : माझ्या पेनड्राइव्हवर ख्याल, नाट्यसंगीत, अभंग आणि जुनी हिंदी चित्रपटगीतं मिळून तीनेक हजार फाइल्स आहेत. गाडीच्या स्टिरिओवर ‘आर्टिस्ट’ उघडलं की एकच गायिका चार-पाच ठिकाणी दिसते. फोल्डरने जावं तर गाणी भलत्याच क्रमाने लागतात. कशावर विसंबायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गाडी चालवताना फोल्डरच वापरा. टॅग म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली कलाकार, अल्बम वगैरे माहिती. टॅगची यादी शेकडो नावांची होते आणि ती वाचायला नजर रस्त्यावरून काढावी लागते. शिवाय बऱ्याच स्टिरिओंना ती यादी बनवायलाच वेळ लागतो. फोल्डर लगेच उघडतात.

मात्र रचना उथळ ठेवा. पहिल्या पातळीवर प्रकार, दुसऱ्यावर कलाकार किंवा अल्बम, बस. प्रकार सात-आठच असावेत, म्हणजे स्क्रोल न करता एका पडद्यावर मावतात. ख्यालासाठी रागाचा वेगळा टॅग स्टिरिओ दाखवत नाही, म्हणून राग फाइलच्या नावातच घाला : ‘०१ यमन विलंबित’, ‘०२ यमन द्रुत’. मोठा ख्याल आणि छोटा ख्याल एकामागून एक लागायलाच हवेत. यमनचा विलंबित संपून मध्येच लावणी सुरू झाली तर ऐकण्याची मजाच गेली.

क्रम बिघडतो त्याचं कारण असं की अनेक स्टिरिओ नावं अकारविल्हे लावतच नाहीत. फाइल्स ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या, त्याच क्रमाने वाजवतात. एखादं गाणं पुसून नवं टाकलं की ते रिकाम्या झालेल्या जागेत, म्हणजे यादीच्या मध्येच, जाऊन बसू शकतं. उपाय दोन आहेत. पेनड्राइव्ह फॅट३२ (फाइल्स साठवण्याची एक पद्धत) मध्ये फॉरमॅट करून एकेक फोल्डर अखंड कॉपी करा. किंवा विंडोजवर ‘ड्राइव्हसॉर्ट’, लिनक्सवर ‘फॅटसॉर्ट’ चालवून क्रम लावून घ्या. दोन्हींच्या आधी संग्रहाची प्रत संगणकावर हवीच. क्रमांक ०१, ०२ असेच द्या, नाहीतर नावाने लावणारा स्टिरिओ १ नंतर १० वाजवतो.

टॅगही टाकून देऊ नका. गाडी उभी असताना एखादं गाणं शोधायला तेच कामी येतात. एकच गायिका अनेकदा दिसते ती दोन कारणांनी : नावाचं स्पेलिंग वेगवेगळं असतं आणि द्वंद्वगीतांत ‘आर्टिस्ट’मध्ये दोन्ही नावं एकत्र असतात. ‘लता मंगेशकर’ आणि ‘लता मंगेशकर, मोहम्मद रफी’ हे स्टिरिओच्या लेखी दोन स्वतंत्र कलाकार. ‘एमपी३टॅग’ हा विंडोजवर मोफत असलेला प्रोग्रॅम घ्या, ‘आर्टिस्ट’ स्तंभावर क्लिक करून यादी लावा आणि सारखी नावं एकत्र निवडून एकदमच दुरुस्त करा. द्वंद्वगीतात मुख्य नाव ‘आर्टिस्ट’मध्ये ठेवून दुसरं शीर्षकात घाला. चित्रपटाच्या सगळ्या गाण्यांना ‘अल्बम आर्टिस्ट’ एकच द्या, म्हणजे तो टॅग वाचणाऱ्या स्टिरिओवर अल्बम फुटत नाही. उलटाही घोळ होतो : दहा गायकांच्या मैफिलींना ‘लाइव्ह’ एवढंच अल्बमचं नाव असेल तर काही स्टिरिओ त्या सगळ्या एकाच अल्बममध्ये कोंबतात. तिथे गायकाचं नाव आणि वर्ष जोडा.

प्रश्न : मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. टॅग बिघडलेत का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. स्टिरिओत देवनागरी फाँटच नसेल तर चौकोन येतात आणि त्याला रोमन लिपीत नावं देण्यावाचून इलाज नाही. पण चौकोनांऐवजी अगम्य चिन्हं दिसत असतील किंवा नाव गायबच असेल, तर टॅगची आवृत्ती तपासा. जुन्या स्टिरिओंना आयडी३ची (एमपी३ फाइलमध्ये टॅग लिहिण्याच्या पद्धतीची) २.४ आवृत्ती नीट वाचता येत नाही. ‘एमपी३टॅग’च्या पर्यायांत ‘एमपेग’खाली २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, सगळ्या फाइल्स निवडून पुन्हा सेव्ह करा. नावं ३० अक्षरांवर तुटत असतील तर स्टिरिओ आयडी३ची ‘१’ ही जुनी आवृत्ती वाचतोय. तिथे शीर्षकाची मर्यादाच तेवढी, तेव्हा रागाचं नाव सुरुवातीला घ्या.