शेतातले पक्षी मोजायला लागताय? आधी एवढं सांभाळा

कीटकनाशकांचा शेतातल्या पक्ष्यांवर काय परिणाम होतो ते बघायचंय, तर सुरुवातीला प्रयोगशाळा, रक्ताचे नमुने वगैरे डोक्यातून काढा. एक हंगाम नीट मोजणी जमली तरी पुष्कळ झालं.

उभं राहून मोजायचे कायमचे बिंदू एकमेकांपासून निदान 250 मीटरवर ठरवा. सूर्योदयानंतरच्या तीन तासांत प्रत्येक बिंदूवर दहा मिनिटं थांबा. पोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभे राहा, बिचकलेले पक्षी स्थिरावले की मगच मोजा. पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर सरळ सुट्टी.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पक्षी न दिसलेली फेरी लिहीतच नाहीत. शून्य हीसुद्धा नोंदच.
- फवारलेल्या औषधाचं बाजारातलं नाव तेवढं टिपतात. डब्यावरचा मूळ घटक, मात्रा आणि फवारणीची तारीख हवी.
- तुलनेसाठी न फवारलेलं शेत घेताना भलतंच निवडतात. पीक तेच हवं, बांधावरची झाडंही साधारण तेवढीच.

सगळ्यात फसवी असते पिकाची उंची. पीक कमरेला लागलं की पक्षी असूनही दिसत नाहीत, आणि खापर फुटतं कीटकनाशकावर! म्हणून दर फेरीला उंची लिहा. नुसते ऐकू आलेले पक्षी वेगळ्या रकान्यात.

मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका. फोटो, जागा, वेळ टिपून वन्यजीव विभागाला कळवा. एकही सापडला नाही म्हणून विषबाधा झालीच नाही असं मात्र धरू नका, कुत्री-कोल्हे रातोरात साफ करतात.