हक्क की अधिकार?

10 डिसेंबरच्या सुमारास नागपूरच्या संविधान चौकात दोन फलक शेजारी शेजारी लागले होते. एकावर ‘मानवी हक्क दिन’ असे लिहिले होते आणि दुसऱ्यावर ‘मानवाधिकार दिवस’. यांतला बरोबर शब्द कोणता, आणि दोन्ही बरोबर असतील तर अर्थात काही फरक आहे का, असे एका वाचकाने विचारले आहे.

चूक कोणताच नाही. ‘मानवाधिकार’ हा शब्द आपल्याकडे मुख्यतः हिंदीच्या वाटेने आला, आणि जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेल्या या शहरात दोन्ही भाषा पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत असल्याने त्यात नवल नाही. अर्थातला फरक मात्र खरा आहे.

‘अधिकार’ हा पात्रता पाहून मिळतो. यज्ञ कोणी करावा याची चर्चा मीमांसक, म्हणजे वेदातील विधींचा अर्थ लावणारे शास्त्री, ‘अधिकार’ याच शब्दाने करीत, आणि आजही अधिकारी, अधिकारपद, अधिकारवाणी या शब्दांत तोच वरून खाली येणारा सूर आहे. एखाद्याचे अधिकार काढून घेतले असे वाचले की बदली किंवा चौकशी आठवते. हक्क हिरावून घेतले असे वाचले की अन्याय झाल्याचे आपोआप कळते. जे मुळात दिलेलेच नव्हते ते परत कसे घेणार?

हाच प्रश्न अठराव्या शतकातील क्रांत्यांच्या मुळाशी होता. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1689 च्या अखेरीस निनावी प्रसिद्ध केलेल्या शासनविषयक दोन प्रबंधांत असे मांडले की जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरील हक्क शासनाच्या आधीचे आहेत, राज्यसत्ता ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, आणि ठेव सांभाळणाराच ती गिळू लागला तर ती लोकांकडे परत येते. 4 जुलै 1776 च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हा विचार जवळजवळ एका दमात आला आहे: माणसांना हिरावता न येणारे हक्क आहेत, ते राखण्यासाठी शासने स्थापन होतात, आणि शासनांना त्यांचे न्याय्य अधिकार शासितांच्या संमतीतून मिळतात. मूळ इंग्रजीत येथे दोन वेगळे शब्द आहेत: माणसांचे ‘राइट्स’ आणि शासनांच्या ‘पॉवर्स’. मराठीत दोन्ही जागी ‘अधिकार’ लिहिला तर कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, हे त्या विधानाचे मर्मच पुसले जाते.

म्हणून ‘हक्क’ हा शब्द जन्मापासून लोकशाहीवादी होता असे मात्र नव्हे. अरबीत ‘सत्य’ आणि ‘न्याय्य देणे’ असे अर्थ असलेला हा शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत पाटील, कुलकर्णी, देशमुख यांच्या वतनी प्राप्तीसाठी येतो. म्हणजे तोही जन्मानेच मिळे, पण विशिष्ट घरात जन्मल्याने. गंमत अशी की फ्रेंचांच्या ‘द्र्वा’ या शब्दाचीही हीच कथा आहे: सरंजामदाराने रयतेकडून घ्यायच्या देण्यांना तोच शब्द होता. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामी विशेषाधिकार रद्द करण्याचे ठरवले आणि 26 ऑगस्टला त्याच शब्दाने मनुष्याच्या व नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. घराण्याचा शब्द तीन आठवड्यांत माणसामात्राचा झाला.

मराठीत हे वळण टिळकांच्या ‘जन्मसिद्ध हक्क’ या जोडशब्दात दिसते. वतनदाराचा जन्म मागे पडून तेथे नुसते जन्मणे पुरेसे झाले. नागपूरकरांना तर याचा घरचा दाखला आहे. संविधानाच्या तिसऱ्या भागातले मूलभूत हक्क ज्या 1950 साली अमलात आले, त्याच सालच्या मध्य प्रदेशच्या कायद्याने, नागपूर राजधानी असताना, मालगुजारांचे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांचे, मालकी हक्क संपवण्याची तरतूद केली. शब्द एकच, पण एक हक्क गेला आणि दुसरा आला.

तेव्हा फलकावर मी ‘मानवी हक्क’ लिहीन आणि शासनासाठी ‘अधिकार’ राखून ठेवीन. 2005 च्या कायद्याचे रूढ मराठी नाव ‘माहितीचा अधिकार’ असेच असल्याने ते मात्र बदलू नये, जरी माझ्या मते तेथेही ‘हक्क’ अधिक शोभला असता.