रात्री अडीचचा फोन

(निवृत्त परिसेविका वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सिस्टर, मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात नाइटला सर्जिकल वॉर्डात चौदा पेशंट आणि मी एकटी. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस असलेले एक काका म्हणाले, "काहीतरी होतंय, पण सांगता येत नाही." बीपी ठीक होतं, ऑक्सिजन ९६. तरी मला ते बरे दिसेनात. अडीच वाजता डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आकडे तर चांगले आहेत, मग नेमकं काय?" मला सांगता आलं नाही. सॉरी म्हणून फोन ठेवला आणि राहिलेल्या नोंदी कॉम्प्युटरवर भरत बसले. सकाळी काकांना आयसीयूत हलवलं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. ते वाचले, पण माझी झोप उडाली आहे. माझं काय चुकलं?

उत्तर : तुला 'तू'च म्हणते. आधी माझी एक गोष्ट ऐक, माझी पाठ थोपटून घ्यावी अशी ती नाही.

मी नवी असताना टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १८, १८, २०, १८ असं लिहून टाकायचे. सगळ्याच लिहायच्या. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी मनगटावर लागते. श्वास मोजायचा तर मिनिटभर नुसतं उभं राहून छातीकडे बघावं लागतं आणि तेवढं मिनिट कुणाकडे नसतं. एकदा आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी मला एका पेशंटच्या पलंगाशी उभं केलं, हातातलं घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि मोजायला लावलं. तीस भरले. चार्टवर माझ्याच अक्षरात १८ होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला अजून तो रकाना दिसतो.

तुझ्या पत्रात बीपी आहे, ऑक्सिजन आहे. श्वास कुठे आहे?

संसर्ग रक्तात पसरू लागला की श्वास बऱ्याचदा लवकर वाढतो. रक्तात आम्ल साठायला लागतं आणि ते बाहेर टाकायला शरीर भराभर श्वास घेतं. त्या वेळी हृदय जोरात धावून बीपी सावरून धरतं, त्यामुळे ते पडतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. बोटावरचा ९६ तर फसवाच. माणूस धापा टाकून तो ९६ राखत असतो, हे यंत्र सांगत नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली 'न्यूज' नावाची धोक्याची गुणपद्धत काढली. तिच्यात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर त्या एकाच नोंदीला ३ गुण मिळतात, आणि कुठल्याही एका नोंदीला ३ पडले की पेशंटला तातडीनं तपासायचं असतं. २०१७च्या सुधारणेत नव्यानं सुरू झालेल्या गोंधळलेपणालाही ३ गुण दिले. काकांचा श्वास किती होता ते मला ठाऊक नाही. तुलाही नाही, आणि अडचण तिथेच झाली.

"बरे दिसत नाहीत" ही तुझी जाणीव खोटी नव्हती. दोन वर्षांत किती चेहरे पाहिलेस, त्यांतून ती आलेली आहे. फक्त फोनवर ती पोचवायची तर तिला हातपाय द्यावे लागतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून दवाखान्यांत आलेली 'एसबार' नावाची रीत आहे : आत्ता काय होतंय, आधी काय झालंय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. म्हणजे असं : "डॉक्टर, ऑपरेशनचा दुसरा दिवस असलेले पेशंट अस्वस्थ आहेत. श्वास २६, संध्याकाळी १८ होता. नाडी ११०. मला संसर्गाची शंका येते. दहा मिनिटांत येऊन बघाल का?" बहुतेक जणी पहिले तीन भाग नीट बोलतात आणि चौथ्याला गप्प होतात. मागणं तोंडातून निघत नाही. ते आरशासमोर घोकून ठेव. आणि "नाही" आलं, तर वरच्या डॉक्टरांना फोन करायचा आणि तसं लिहून ठेवायचं. सॉरी म्हणायचं नाही.

आता त्या चौदा पेशंटांविषयी. सगळी चूक स्वतःच्या पदरात घेऊ नकोस. २००२ मध्ये नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांतल्या सर्जरीच्या पेशंटांचा अभ्यास केला. नर्समागे एकेक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. कॅलिफोर्नियात नर्समागे किती पेशंट हे २००४ पासून कायद्यानंच बांधलेलं आहे. आपल्याकडे माणसं कमी पडली की सेवाभावाची आठवण काढतात. माझा या शब्दावर फार राग आहे. चौदा छातींवर मिनिटभर नजर ठेवायची तर चौदा मिनिटं लागतात, भाव कितीही असो. त्या रात्रीचा अहवाल लिही आणि त्यात पेशंटांचा आकडा घाल. कॉम्प्युटरचं म्हणशील, तर कागद होता तेव्हाही आम्ही लिहीतच बसायचो. मात्र मागच्या पाळीची नोंद जशीच्या तशी पुढे ओढायची जी सोय आहे ना, ती म्हणजे माझा १८चा रकानाच. तिला हात लावू नकोस.

प्रश्न : वडील दवाखान्यात आहेत. सिस्टर औषधाची ट्रॉली घेऊन आल्या की काही विचारायला जावं, तर हातानंच थांबवतात. हा उद्धटपणा नाही का?

उत्तर : नाही. त्या वेळी त्या पेशंट, औषध, मात्रा, मार्ग (तोंडानं की शिरेतून) आणि वेळ ताडून बघत असतात. मधेच कुणी बोललं की नेमकं कुठवर आलो ते हरवतं. काही रुग्णालयांत तर 'औषध देत आहे, बोलू नका' असं लिहिलेला लाल एप्रन घालतात. ट्रॉली बंद झाली की विचारा. एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. वडील नेहमीसारखे वाटत नसतील, असंबद्ध बोलत असतील, भराभर श्वास घेत असतील, तर ट्रॉली असो वा नसो, तिथल्या तिथे सांगा. त्यांचं नेहमीचं वागणं तुम्हाला माहीत आहे, सिस्टरांना नाही.