एअर रायफलसाठी 0.50 ग्रॅमच्या पेलेट्स (शिशाच्या बारीक गोळ्या) घ्याव्यात की 0.53 च्या? वर्षभराच्या एकदम घेऊन ठेवल्या तर चालतील का?

तुमचा मुलगा आठवीत आहे, नुकताच 10 मीटर एअर रायफल नेमबाजीला लागलाय. शेजारचे निवृत्त फौजी सांगतात की गोळी जितकी जड तितकी सरळ जाते, म्हणून तुम्ही 0.53 किंवा जमल्यास त्याहूनही जड पेलेट्स बघताय. शिवाय दुकानदार भाव पाडून देतोय म्हणून वर्षाचे डबे एकदम भरायचा विचार आहे. माझं म्हणणं असं की 0.50 आणि 0.53 मधली निवड वजन बघून करायचीच नसते. तुमच्या रायफलच्या नळीला कुठली पेलेट मानवते ते कागदावर बघायचं आणि ती घ्यायची. त्याहून जड अजिबात घेऊ नका. साठ्याचं पुढे सांगते.

इतकं तोडून सांगते, कारण तुमच्या शेजाऱ्यांचं हे वाक्य मी माहेरी वर्षानुवर्षं ऐकलंय. अगदी परवा एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलं.

माझे मामा मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. 2010 साली तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले ते मामांनी. मी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर जायला लागले त्यालाही घरातून पहिला होकार त्यांचाच. त्यामुळे पुढे जे घडलं त्यात त्यांच्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती. वाद होता तो त्यांच्या एका समजुतीशी.

मामांची उमेदीची वर्षं सैन्याच्या जुन्या एसएलआर रायफलवर गेली. 7.62 मिलिमीटरची गोळी, नऊ ग्रॅमच्या वर वजन. नंतर हातात इन्सास रायफल आली, 5.56 ची, गोळी जेमतेम चार ग्रॅमची. तो बदल त्यांना कधी पटला नाही. "जड गोळी सरळ जाती पोरी, हलकी वाऱ्यानं हालती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि 300 मीटरवर, उघड्या मैदानात, आडव्या वाऱ्यात ते बऱ्याच अंशी खरंही आहे. एकाच व्यासाच्या दोन गोळ्यांतली जड गोळी वेग जास्त काळ टिकवते आणि वाऱ्यानं कमी सरकते. पण 10 मीटरची रेंज बंदिस्त असते. तिथे वारा कुठून आणणार?

राज्य स्पर्धेच्या आधी मामांनी पेन्शनच्या पैशातून मला पेलेट्सचं एक अख्खं खोकं आणून दिलं. आत 0.67 ग्रॅमच्या, गोल डोक्याच्या पेलेट्स. परदेशात या शिकारीला आणि फील्ड टार्गेटला वापरतात, त्यासाठी त्या उत्तम आहेत. मी डबा उघडला, बघितलं आणि सांगितलं की मामा, या मला चालणार नाहीत. घरात वातावरण तापलं. आई म्हणाली, निदान त्यांच्यासमोर तरी यातल्याच मार. मी रेंजवरच्या मैत्रिणीकडून तिच्या चपट्या तोंडाच्या 0.53 च्या पेलेट्स उसन्या घेतल्या, तर माझ्या मागे घरात चर्चा, की मामानं एवढे पैसे घातले आणि पोरगी दुसऱ्याच्या डब्यातलं मारते.

मग मीच मामांना रेंजवर घेऊन गेले. सरांनी रायफल बेंचवर पक्की बांधून दिली आणि ट्रिगर ओढायला मामांनाच बसवलं. आधी मैत्रिणीच्या डब्यातल्या दहा पेलेट्स एका कोऱ्या कार्डावर, मग मामांच्या खोक्यातल्या दहा दुसऱ्या कार्डावर. पहिल्या कार्डाला एकच भोक पडलं, गोल, कडा कातरून काढल्यासारख्या साफ. दुसऱ्यावर फाटकं, लांबट भोक, आणि तेही बरंच खाली. मामांनी दोन्ही कार्डं उजेडाला धरून बघितली आणि म्हणाले, "रायफल हलकी पडतीया."

नाही. रायफल तिचं काम बरोबर करत होती. मॅचची एअर रायफल साधारण साडेसात ज्यूल ताकदीची असते. त्या ताकदीत 0.53 ग्रॅमची पेलेट सेकंदाला सुमारे 170 मीटरनं निघते, 0.67 ची सुमारे 150 नं. जड पेलेटला 10 मीटर गाठायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती चार-पाच मिलिमीटर जास्त खाली लागते. ते साईटचे क्लिक फिरवून भरून काढता येतं. भरून काढता येत नाही ते वेगळंच. ट्रिगर सुटल्यावर पेलेट नळीत जास्त वेळ राहते आणि तेवढा वेळ नेमबाजाचा प्रत्येक थरकाप तिच्यात उतरतो. आठवीतल्या मुलाचा हात तर अजून स्थिर व्हायचाय. त्यात गोल डोकं कागद कापत नाही, फाडतं. फाटलेल्या भोकावर गुण मोजताना वाद होतात. मॅचच्या पेलेट्स चपट्या तोंडाच्या असतात त्या याचसाठी.

आणि आपला खेळ किती बारीक आहे ते लक्षात घ्या. 10 मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. दोन वर्तुळांत अंतर अडीच मिलिमीटर, म्हणजे दशांश गुण हा पाव मिलिमीटरचा हिशेब. 10.6 आणि 10.4 मध्ये फक्त अर्धा मिलिमीटर. रायफल-पेलेटची जोडी जमली नाही तर मुलानं कितीही चांगला शॉट सोडला तरी तेवढे गुण त्याच्या हातात नसतात. त्या वर्षी राज्य स्पर्धेत मी मैत्रिणीच्या डब्यातल्या पेलेट्स मारल्या आणि मावळंकर स्पर्धेसाठी, म्हणजे नॅशनलच्या आधीच्या पात्रता स्पर्धेसाठी, पात्र ठरले. मामा आजही पाहुण्यांना सांगतात की जड गोळी वापरली असती तर पोरगी नॅशनलला मेडल घेऊन आली असती. मामा, ती दोन्ही कार्डं मी जपून ठेवली आहेत, कधीही या आणि बघा.

आता साठा. मामांचं दुसरं तत्त्व होतं की दारूगोळा कधी कमी पडू द्यायचा नाही. हे मला मान्य आहे, पण टेस्टिंग झाल्यावर. पेलेटच्या डब्यावर दोन गोष्टी बघायच्या असतात, डोक्याचा व्यास आणि लॉट नंबर, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक. व्यास 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असे येतात आणि एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या पेलेट्सचा ग्रुप, म्हणजे कार्डावर भोकं किती जवळजवळ पडतात ते, मिलिमीटरच्या या शंभराव्या भागानं बदलतो. लॉट बदलला की पुन्हा बदलतो, कारण साचे झिजतात, शिशाची मिसळ थोडी वेगळी होते. तुमचा दुकानदार जे घाऊक देतोय त्यात सगळे डबे एका लॉटचे आहेत का, हे विचारलंत? बहुतेक नसणार. आमच्या ओळखीतल्या एका क्लबनं असेच डबे एकगठ्ठा मागवले होते, आत तीन लॉट निघाले आणि विक्रेत्यानं परत घ्यायला नकार दिला.

म्हणून, नावं हवीतच तर सांगते, आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी यांच्या मॅच पेलेट्सचा एकेक डबा आणा. रायफल बांधून प्रत्येकीच्या दहा-दहाच्या ग्रुपची कार्डं काढा, एकदा नव्हे, निदान दोन वेगळ्या दिवशी. जी जिंकेल त्याच लॉटचे डबे स्पर्धांच्या मोसमापुरते घेऊन बाजूला ठेवा. रोजच्या सरावाला स्वस्तातली चपटी पेलेट चालते. 500 चा डबा, रोज साठ-सत्तर शॉट, म्हणजे आठवडाभर जातो, यावरून हिशेब तुम्हीच करा. मात्र सध्या तुमच्या मुलाचा ग्रुपच नवाच्या वर्तुळाबाहेर फिरत असेल तर हे सगळं सहा महिने पुढे ढकला. आधी पोझिशन आणि ट्रिगर.

ठेवायचं कुठे, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. लाकडी कपाटात नको. लाकडातून आम्लाची वाफ सुटते, पावसाळ्यात तिला दमट हवा मिळाली की शिशावर पांढरी भुकटी धरते. मामांच्या खोक्याला मामीनं सागवानी कपाटात जागा दिली होती, दोन पावसाळ्यांत डब्यांतून पांढरं निघालं. लोखंडी कपाट, घट्ट झाकण, आत सिलिका जेलची पुडी. ही भुकटी विषारी असते, शिसंही विषारीच. पेलेट हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू देऊ नका, आणि मुलं पेलेट ओठांत धरतात ती सवय पहिल्याच दिवशी मोडा.

पुढे मुलगा 50 मीटरला गेला तर मामांचा वादच निकालात निघतो. स्वप्निल कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्य घेतलं त्या .22 बोअरच्या रायफलमध्ये मॅचच्या गोळीचं वजन ठरलेलंच आहे, 40 ग्रेन, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम. वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला. तिथे सगळी लढाई लॉटची. मोठे नेमबाज आपली नळी घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात, लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जमला तो उचलतात. फक्त एक लक्षात ठेवा: 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, .22 ला लागतो, आणि गोळ्या परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त घरात ठेवता येत नाही. तेव्हा भाव कितीही पाडून मिळाला तरी त्या आकड्याच्या पुढे जाऊ नका.