गाडी उभीच असते, बॅटरी उतरते

प्रश्न: माझी गाडी महिन्यातनं दोनदाच बाहेर निघते, मधे मधे दहा मिनिटं जागेवरच चालू ठेवतो तरी बॅटरी उतरतेच, असं का?

उत्तर: अहो, ते दहा मिनिटं चालू ठेवणं आधी बंद करा. स्टार्ट करताना जेवढा करंट जातो तेवढाही नीट भरून येत नाही आणि इंजिन धड गरम न होता बंद होतं ते वेगळंच. गाडी उभी असली तरी अलार्म, घड्याळ, सेंट्रल लॉकिंग थोडं थोडं खातच असतं, आणि बॅटरी अर्धवट चार्जवर पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो, मग ती पहिल्यासारखी चार्ज धरतच नाही. म्हणून आठवड्यातनं एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. ते जमत नसेल तर आपोआप कमी-जास्त होणारा स्मार्ट चार्जर लावून ठेवा, मला तरी हाच उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो. मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीचं व्होल्टेज बघा, १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.४ च्या खाली गेलं की लगेच चार्ज करा. महिनाभर गाडी लागणारच नसेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवा.