ट्रेलर ओढायला जुनी गाडी: पेट्रोल की डिझेल?
आधी ट्रेलर सामानासकट वजनकाट्यावर चढवा, इंजिनाचं नंतर बघू. हलका ट्रेलर, महिन्यातून एखादी फेरी? बिनधास्त पेट्रोल घ्या, दुरुस्ती स्वस्तात होते. जड ओझं, लांबचा पल्ला, घाट असेल तर डिझेल. कमी आरपीएमलाच (इंजिन हळू फिरत असतानाच) टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, मिळतो, चढाला सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. पण रोज दोन-तीन किलोमीटरच फिरवलंत तर डिझेलचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोंदतो. माझा चोंदला होता, खिसा रिकामा झाला.

नवखे हमखास इथे चुकतात:
- तापलेल्या इंजिनावर सौदा करतात, खोट मात्र थंड इंजिन सुरू करताना कळते. बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या.
- ट्रेलर जोडतात त्या हुकवरचा भार विसरतात. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के तिथे येतो, तो गाडीतल्या माणसा-सामानात धरा.

गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास आला, तर इंजिन कुठलंही असो, सोडून द्या.